कोकेशी, म्हणजे जपानी लाकडी बाहुली, घ्यायची तर कुठली: छत्रीवाली सोसाकू की नारुकोची पारंपरिक?

दोन्ही माझ्याकडे आहेत, तोक्योत निशिकासाईच्या घरी एकाच फळीवर चार वर्षं शेजारी शेजारी उभ्या, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते सगळं त्या फळीवरचा अनुभव समजा.

आधी घेतली ती सोसाकू, म्हणजे महायुद्धानंतर सुरू झालेला प्रकार. गुन्मा प्रांतात या भरपूर बनतात. यात कलाकाराला आकाराचं बंधन नसतं, त्यामुळे जपानमधली रोजची गल्ली बाहुलीत उतरते. माझी शाळकरी पोरगी आहे, पाठीला लाल दप्तर, डोक्यावर पिवळी टोपी, हातात छोटीशी लाकडी छत्री. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सकाळी आमच्या खिडकीखालून जी पोरं जातात ना, अगदी तीच. दुकानात पाहिली आणि दुसरं काही बघितलंच नाही.

नारुकोची नंतर आली. सेंदाई शहराच्या पुढे फुरुकावाला शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) सोडून छोट्या गाडीने नारुको ओन्सेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेलो होतो तेव्हाची. तिला हात नाहीत, पाय नाहीत, गल्ली वगैरे तर नाहीच, पांढऱ्या लाकडावर लाल शेवंती आणि बारीक डोळे, बस. पण मान फिरवली की कुई कुई आवाज येतो. लेथ फिरत असतानाच डोकं दाबून बसवतात, भोक जरा घट्ट ठेवलेलं असतं, एकदा बसलं की फिरतं पण निघत नाही.

आता माझा खरा त्रास. तोक्योत बारीक धक्के येतच असतात, आपल्याला कळतसुद्धा नाही कधीकधी, पण फळीवर कळतं. छत्रीमुळे पोरीचा तोल एका बाजूला, ती प्रत्येक वेळी आडवी, आणि छत्री गोंदाने चिकटवलेली म्हणून निघून पडते. तीनदा चिकटवली, आता हाताशी गोंदाचा पिवळट डाग दिसतो आणि नेमकी तीच जागा बघवत नाही. एकदा तर छत्री कपाटामागे गेली, दोन दिवस सापडली नाही, घरात सगळेच शोधत होते. नारुकोचीही पडलीये दोनदा, पण तिच्यात निघण्यासारखं काही नाहीच, उचलून ठेवली की झालं.

पुण्या-मुंबईत भूकंपाचं एवढं नाही हे मान्य, पण फडका मारताना धक्का लागतोच आणि घरात लहान मूल असेल तर छत्री टिकेल असं मला तरी वाटत नाही.

नारुकोचीलाही जपावं लागतं बरं का. वरून नुसतं मेण असतं, ओला फडका लागला तर रंग पसरू शकतो, आणि उन्हात ठेवली की फिकी पडते, माझ्या खिडकीकडच्या बाजूची शेवंती पुसट झालीये. सोसाकूवर वार्निश आहे, तिथे ओल्या फडक्याची एवढी काळजी नाही.

म्हणजे तुम्हाला जपानचा रस्ताच घरी न्यायचा असेल तर सोसाकूच घ्या, फक्त शक्यतो एकाच लाकडातली, वेगळं काही न चिकटवलेली, चित्र सगळं अंगावरच रंगवलेलं असेल अशी. पण एकच घ्यायची असेल आणि मला विचाराल तर नारुकोची. घेताना दुकानदाराला विचारून दोन-चार जणींच्या माना हळू फिरवून बघा, प्रत्येकीचा आवाज थोडा वेगळा येतो, आणि खाली बुडाला कारागिराची सही असते तीही बघून घ्या.