बंद पडलेला मोटार कारखाना बघायचाय: पॅरिसचं झावेल की तुरिनचं लिंगोत्तो?

दोन्ही ठिकाणी मी भटकलोय. ज्यांना जुन्या कारखान्यांची ओढ आहे, पण सहलीत दोन्ही शहरं बसवणं शक्य नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

झावेलला सीन नदीच्या काठी आंद्रे सिट्रोएन यांनी १९१५ साली तोफगोळ्यांचा कारखाना उभारला. महायुद्ध संपल्यावर तिथेच मोटारी बनू लागल्या. सत्तरच्या दशकात काम थांबलं, कारखाना पाडला आणि १९९२ मध्ये त्या जागी सुमारे १४ हेक्टरचं उद्यान खुलं झालं. उद्यान फारच सुंदर आहे. उंच काचगृहं, फरशीतून उसळणारी कारंजी, थेट नदीपर्यंत पोचणारी हिरवळ. एका भागात तर झाडांनी हवं तिथे रुजावं आणि माळ्याने त्यांच्या कलाने पायवाट बदलावी, असा उद्यानरचनाकार जील क्लेमाँ यांचा प्रयोग आहे. मुलं बरोबर असतील तर मी पॅरिसच सुचवेन.

पण मला एक गोष्ट सतत टोचत राहिली. कारखाना कुठे आहे? एखादी भिंत, एखादं धुराडं तरी दिसेल म्हणून मी कोपरान् कोपरा पाहिला. काही सापडलं नाही. उद्यानाला, मेट्रो स्टेशनला, नदीकाठच्या रस्त्याला सिट्रोएन यांचं नाव आहे, पण पाळीवर येणारा कामगार कुठून आत शिरत असेल, याचा अंदाजही करता येत नाही. कुर्ल्याला फियाटच्या परवान्यावर गाड्या बनवणारा प्रीमियरचा कारखाना आपण असाच गमावला, म्हणूनही कदाचित मला ते जास्त लागलं असेल.

लिंगोत्तो हा त्याच फियाटचा कारखाना. इंजिनिअर मात्ते-त्रुक्को यांनी आखलेली ही पाच मजली इमारत १९२३ मध्ये सुरू झाली. कच्चा माल तळमजल्यावर यायचा, मजल्यागणिक गाडी आकार घेत वर सरकायची आणि तयार झाली की थेट गच्चीवरच्या धावपट्टीवर तिची चाचणी व्हायची. १९८२ मध्ये कारखाना बंद झाला. पुढे वास्तुकार रेन्झो पियानो यांनी तिथे सभागृह, हॉटेल, दुकानं बसवली, पण सांगाडा राखला. आज दुकानांच्या गर्दीतून वर जावं लागतं, हे मलाही आवडलेलं नाही. २०२१ पासून धावपट्टीवर बागही आहे, ४०,००० च्या आसपास रोपांची. तरीही वळणावर उभं राहिलं की तिरपी चढलेली काँक्रीटची भिंत समोर असते आणि गाड्या इथून कशा वळत असतील, ते कुणी सांगावं लागत नाही.

तुमची आवड वेगळी असू शकेल. मला मात्र पुन्हा जायला मिळालं, तर मी तुरिनचंच तिकीट काढेन. लिंगोत्तो मेट्रो स्टेशन जवळच आहे. गच्चीच्या वेळा तेवढ्या आधी बघून घ्या, आणि जिन्याऐवजी गोल फिरत वर जाणारा गाड्यांचा चढ खालून नक्की पाहा.