उपवासकाळातलं वसईचं रिट्रीट: रडारड कमी, हिशोब जास्त

यंदा उपवासकाळात (ईस्टरआधीचे पश्चात्तापाचे चाळीस दिवस) वसईतल्या एका रिट्रीट हाऊसला, म्हणजे प्रार्थना-प्रवचनांसाठी राहायला जातात तिथे, शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत राहून आले. नाव टाकत नाही कारण तक्रारीपण लिहायच्यात. पण आधी चांगलं सांगते, पश्चात्तापावर इतकं रोखठोक बोलणारे फादर मी तरी आधी ऐकले नव्हते. नाहीतर बहुतेक ठिकाणी काय असतं, उधळ्या पुत्राचा दाखला (बापाचे पैसे उडवून पस्तावून परत आलेल्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट), मागे हळू आवाजात कीबोर्ड, सगळे डोळे पुसतायत आणि सोमवारी परत येरे माझ्या मागल्या.

इथे शनिवारची अख्खी सकाळ जक्कयावर, म्हणजे बायबलमधल्या त्या श्रीमंत जकातदारावर गेली. तो बुटका होता, येशूला बघायला झाडावर चढला हे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गापासून पाठ आहे, पण फादर झाडापाशी थांबलेच नाहीत, थेट पैशांवर आले. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत (लूक 19). बायबलमधल्याच गणना पुस्तकाच्या 5व्या अध्यायातला नियम बघितला तर पाप कबूल कर, नुकसान पूर्ण भरून दे आणि वर पाचवा हिस्सा घाल, एवढंच आहे. म्हणजे हा माणूस नियमाच्या कितीतरी पुढे गेला, तेही कोणी मागितलं नसताना. फादरचं म्हणणं असं की कन्फेशनमध्ये (फादरसमोर पापं कबूल करतात ते) पापाची क्षमा मिळते, पण चोरलेलं परत करायचं आणि कोणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची हे काम तुमच्याकडेच राहतं, चर्चची शिकवणपण तीच आहे.

मग विवेकबुद्धी तपासायला एक झेरॉक्स कागद वाटला. नेहमीचं 'मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवली का, खोटं बोललो का' होतंच, पण खाली हाताने लिहिलेले प्रश्न होते. कामवालीचे खाडे मोजताना स्वतःच्या सुट्ट्या आठवल्या का? बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेताना त्यात काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवलं का? हा दुसरा प्रश्न फादरनी मोठ्याने वाचला आणि हॉलमध्ये एकदम खाकरण्याची साथ आली. वसईत जमिनीचे भाव काय झालेत ते सगळ्यांना माहितीये, आणि 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा आहे हेपण सगळ्यांना माहितीये, फक्त बोलत कोणी नाही.

प्रश्नोत्तरात एका कॉलेजच्या पोराने मस्त अडवलं. फादर, येशूला 30 नाण्यांसाठी पकडून देणाऱ्या यहूदानेपण ती नाणी परत केलीच ना, मग त्याचा नाश का झाला? फादर हसले, म्हणाले बरोबर पकडलंस, पैसे परत केले पण गेला कोणाकडे, ज्या याजकांनी ते दिले होते त्यांच्याकडेच, आणि ते म्हणाले तुझं तू बघ. येशूचा पट्टशिष्य पेत्र, त्याने तर येशूला ओळखतच नाही असं तीनदा सांगितलं, तोही ढसाढसा रडला, पण तो बाकीच्यांत राहिला आणि येशू परत भेटला तेव्हा समोर उभा राहिला. मला हे पटलं. नुसता अपराधीपणा माणसाला खाऊन टाकतो, त्याला पश्चात्ताप म्हणता येत नाही.

आता तक्रारी. कन्फेशनची सोय अगदीच वाईट. व्हरांड्यात खुर्च्या मांडलेल्या आणि रांग इतकी जवळ की पुढच्या बाईंचं अर्धं ऐकू येत होतं. दुसऱ्या कोणाच्या कानावर पडलं तर त्यानेही ते गुप्त ठेवायचं असा चर्चचा कायदा आहे हे खरं, पण रांग चार पावलं मागे सरकवायला काय जातं? शेवटी एका आजीनेच दम देऊन सगळ्यांना मागे हटवलं. शिवाय माणसं भरपूर आणि फादर मोजके, त्यामुळे शेवटच्यांना जेमतेम दोन मिनिटं मिळाली, आणि एवढं सगळं खोदून काढल्यावर माणसाला बोलायला वेळ नको का? शनिवारी रात्री लाईट घालवून गाणी झालीच, माईक किंचाळत होता, सकाळच्या मेहनतीवर बोळा फिरवल्यासारखं वाटलं.

जेवण साधं, डाळ, भाजी, चपाती, उपवासकाळ आहे म्हटल्यावर तक्रार नाही. मोबाईल आल्याआल्या जमा करून घेतात, ते उत्तम. शुल्क ठरलेलं नाही, पाकिटात जमेल ते टाकायचं.

पाचपैकी साडेतीन स्टार, सगळे त्या शनिवार सकाळचे. भावंडांत वाटणीचं काही अडलं असेल तर शक्यतो एकत्रच जा. पवित्र आठवड्याच्या (ईस्टरआधीचा शेवटचा आठवडा) तोंडावर फार गर्दी होते, राखेच्या बुधवारनंतरचे (उपवासकाळ सुरू होतो तो दिवस) पहिले दोन वीकेंड बघा, चादर आणि मच्छर अगरबत्ती घरून न्या, आणि कन्फेशनची रांग जेवायच्या आधीच धरा.