गाडीचा स्टिरिओ बदलला, मग जुनाच परत बसवला: दहा महिन्यांचा अनुभव

आधी गाडी सांगतो. २०१८ ची हॅचबॅक, मधलं मॉडेल, वॉरंटी कधीच संपलेली. मी राहतो जुळे सोलापुरात आणि शिकवतो मोहोळला, म्हणजे पुणे हायवेवर रोज जाऊन-येऊन सत्तर-एक किलोमीटर. सकाळी जाताना अभंग, येताना अंगात त्राण असेल तर एखादं तबलावादन. कंपनीच्या स्पीकरवर गाणाऱ्याचा आवाज नीट यायचा, पण डग्गा कुठेतरी गावाबाहेरच राहायचा. पखवाजाची थाप म्हणजे पुठ्ठ्यावर टिचकी. आवाज वाढवला की दाराचं पॅड झिणझिणायचं आणि सावळेश्वरच्या टोलनाक्यापर्यंत कान किटायचे.

दसऱ्याला ठरवलं की पंधरा हजारात काय होतंय ते बघू. झाले किती, ते पुढे सांगतो.

पहिली चूक अशी की मी दुकानात गेलो ते स्क्रीन बघायला. नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन, साडेआठ हजार, फ्रेम आणि कपलरचे (वायर न कापता जोडायचा तयार प्लग) अकराशे वेगळे. सोबत पुढच्या दोन दारांसाठी साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, बेचाळीसशेची जोडी. कंपोनंट म्हणजे बारीक सुरांचा ट्वीटर वेगळा, मोठा स्पीकर वेगळा आणि मध्ये दोघांना आपापले सूर वाटून देणारी क्रॉसओव्हरची छोटी डबी. कोणत्या कंपनीचे ते लिहीत नाही. मला आलेल्या अडचणींपैकी निम्म्या फिटिंगच्या होत्या, त्या उगाच कंपनीच्या माथी नकोत.

एक गोष्ट मात्र माझ्या हातून बरोबर झाली. वायर कापू दिली नाही. "कपलर लावूनच करा, एकही वायर तुटता कामा नये" एवढं मी हट्टाने म्हणत राहिलो. जुना स्टिरिओ घरी आणला, चादरीत गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. बायको म्हणाली, भंगारात द्या की. नाही दिला.

आता वॉटबद्दल. स्क्रीनच्या खोक्यावर "५० वॉट × ४" छापलेलं होतं. मी शिकवतो फिजिक्स, तरी त्या दिवशी हे गणित मांडायचं सुचलं नाही, याची लाज वाटते. गाडी चालू असताना स्टिरिओला मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग करून चारने भागा, ५१-५२ वॉट येतात. पण हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा स्टिरिओ सगळा व्होल्टेज सलग एका टोकाला फेकतो, म्हणजे आवाज पार फाटलेला असतो. गाणं स्वच्छ हवं असेल तर हातात उरतात वीसेक वॉट. हे साध्या स्टिरिओचं, स्क्रीनचं, जवळजवळ सगळ्यांचंच. म्हणून वेगळा ॲम्प (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) लावणार नसाल तर स्पीकर घेताना खोक्यावरच्या "३०० वॉट"कडे बघूच नका, सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, आकडा बघा. ८८ डेसिबलचा स्पीकर जेवढा आवाज वीस वॉटवर देतो, तेवढा ९१ चा दहा वॉटवर देतो. तीन डेसिबल म्हणजे निम्मी पॉवर. माझे ९१ चे निघाले, पण तो निव्वळ योग.

दिवाळीत बसवून घरी आलो आणि पहिलंच गाणं लावलं, तर बास होता त्याहून कमी! वाटलं स्पीकर खराब. रात्रभर चुळबुळ. सकाळी सहज बॅलन्स पूर्ण डावीकडे सरकवला, तर डग्गा हजर. उजवीकडे सरकवला, तिथेही हजर. मधोमध आणला की गायब. ज्यांना हा अनुभव येईल त्यांनी लगेच ओळखावं की एका स्पीकरच्या दोन वायरी उलट लागल्यात. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. तपासायला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरतो. स्टिरिओमागून सोडवलेल्या स्पीकरच्या वायरींवर प्लसला प्लस, मायनसला मायनस क्षणभर टेकवायचं, कोन बाहेर यायला पाहिजे. माझ्या उजव्या दाराचा आत गेला. दुकानदार म्हणाला, "असं होत नसतं साहेब." मग मीच वायरी बदलल्या.

एवढं करूनही आवाज मोठा झाला, गोड नाही. डिसेंबरात एका सहकाऱ्याने अक्कलकोट रोडच्या एका फिटरकडे पाठवलं. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात, मीही म्हणतो. अण्णांनी गाणं ऐकलंच नाही. दारावर बाहेरून दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "सर, स्पीकर बराय ओ. दार वाजायलंय तुमचं."

पॅड काढून दाखवलं तेव्हा कळलं. दार म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पोकळी. आतल्या पत्र्याला हाताचा पंजा जाईल एवढी भोकं, त्यावर एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला. स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ढकलतो, आणि मागची हवा त्या भोकांतून बाहेर येऊन पुढचीला मारते. वर पत्रा स्वतःच थरथरतो, तो वेगळा. म्हणजे मी नवा डग्गा विकत घेतला होता आणि तो फुटक्या डब्यात बसवला होता. शिवाय दुकानाने स्पीकरखाली एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, रिंग घातली होती. काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत उतरतं, ते खालच्या भोकांतून निघून जातं, पण जाता जाता रिंग भिजवतं. दोन महिन्यांत, तेही पावसाळा नसताना, नुसत्या गाडी धुण्याने माझ्या रिंगची कड फुगली होती.

अण्णांनी बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची (एक प्रकारच्या रबराची) शीट लावली, वर रूळ फिरवून. मग आतल्या पत्र्याची भोकं त्याच शीटने बंद केली, पाणी जायची खालची भोकं तेवढी मोकळी सोडली. रिंग प्लॅस्टिकच्या घातल्या. शीटचे सव्वीसशे, रिंगचे साडेतीनशे, मजुरी हजार. एका दाराला अडीच तास लागले.

संध्याकाळी घरी येताना आसरा चौकातल्या सिग्नलला थांबलो होतो आणि पखवाजाची थाप पहिल्यांदा छातीला लागली. तोच स्पीकर, तीच स्क्रीन, तेच गाणं. दार लावल्याचा आवाजसुद्धा "खण्ण"चा "धप्प" झाला, आणि खरं सांगायचं तर पहिला आठवडा मी उगाचच दार उघडून लावत होतो. सगळ्या खर्चात सर्वांत जास्त फळ या चार हजारांनी दिलं. एक गैरसमज मात्र नको, याने रस्त्याचा आवाज फारसा कमी होत नाही. टायरचा आवाज फरशीतून आणि चाकाच्या कमानीतून येतो. ऐंशीच्या वेगाला गाडी माझी आजही घोंगावते.

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण जानेवारीत, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत, डिकीचं दारही करून टाकू म्हणून स्वतःच सहाशे रुपयांची काळी डांबरी शीट आणून चिकटवली. अण्णा फोनवर म्हणाले होते, "सर, उन्हाळ्यात सांगेल ती तुम्हाला." एप्रिलमध्ये पारा ४३ च्या पुढे गेला आणि शीटने सांगितलं. गाडीत नव्या रस्त्याचा वास, आणि डिकी उघडली तर शीट एका कोपऱ्यात गोळा होऊन लोंबत होती. रॉकेलच्या फडक्याने पुसण्यात एक रविवार गेला. पुढच्या दारांची ब्युटाइल शीट याच उन्हात जागची हलली नाही. पुण्या-नाशिकला डांबरी शीट कदाचित तग धरेल, सोलापुरात नाही.

त्याच उन्हाने स्क्रीनचाही निकाल लावला. बंद गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापतो. कॉलेजच्या आवारात झाड एक आणि गाड्या बारा. दुपारी गाडी चालू केली की स्क्रीन पाच-सात मिनिटं बोटाला दाद द्यायची नाही, मग आपोआप बंद होऊन परत चालू व्हायची. "८ जीबी रॅम" लिहिलेली वस्तू गाणं बदलायला तीन सेकंद घ्यायची. आकाशवाणी सोलापूर जुन्या स्टिरिओवर मोहोळपर्यंत ठणठणीत लागायचं, यावर अर्ध्या वाटेत खरखर. कहर म्हणजे मे महिन्यात आठ दिवस गावी गेलो तर परत आल्यावर बॅटरी झोपलेली. स्क्रीन पटकन चालू व्हावी म्हणून ती पूर्ण बंद न होता डुलकी घेत राहते आणि थोडा थोडा करंट पीत राहते. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण मग चालू व्हायला पाऊण मिनिट.

मेच्या शेवटी माळ्यावरची चादर सोडली. कपलर असल्यामुळे जुना स्टिरिओ वीस मिनिटांत बसला. स्क्रीन तीन हजारांना विकली, घेणाऱ्याला सगळे दोष सांगून.

जुन्या स्टिरिओची अडचण अशी की आवाज वाढवत नेला की तो स्वतःच बास कमी करतो, कंपनीचे हलके स्पीकर फाटू नयेत म्हणून. त्यामुळे जूनमध्ये दोन चॅनलचा छोटा ॲम्प घेतला, खरे ४५ वॉट, साडेपाच हजार. जुन्या स्टिरिओच्या स्पीकरच्या वायरीच थेट घेणारा ॲम्प मिळतो, तोच घ्यावा. ॲम्पने पॉवर आली, मोठ्या आवाजावरची बासची कात्री मात्र पूर्ण गेली नाही, कारण ती सिग्नलमध्येच असते. फरक असा पडला की आता स्टिरिओ मधल्या आवाजावरच ठेवून काम भागतं. वीसचे पंचेचाळीस वॉट म्हणजे दुप्पट आवाज होईल असं समजू नका; कानाला दुप्पट वाटायला दहापट पॉवर लागते. मिळतो तो मोकळेपणा. द्रुत लयीत तबला सुटतो तेव्हा आता बोल एकमेकांत चिखल होत नाहीत.

वायरीचा किट आणताना ब्लेडने थोडं खरवडून बघा. आतून पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. मी पहिला किट तसाच परत केला. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच, यात अण्णाही ऐकत नाहीत आणि मीही नाही. ॲम्प लावल्यावर दोन दिवस रेस दिली की स्पीकरमधून "ऊंऽऽ" असा सूर यायचा, इंजिनबरोबर चढणारा. सीटखालच्या बोल्टचा रंग घासून, उघड्या पत्र्यावर अर्थ घट्ट केला, सूर गेला.

सबवूफर, म्हणजे फक्त बाससाठीचा स्पीकर, घेतला नाही. मित्राचा सीटखालचा आठवडाभर लावून बघितला. मुलीला आवडला, मला डग्ग्याऐवजी पलीकडच्या गल्लीतला डीजे ऐकू यायला लागला. मागचे स्पीकर तर आता जोडलेलेच नाहीत. मागे मुलगी हेडफोन लावून बसते, तिला काही फरक नाही.

हिशोब: वर किंमत न सांगितलेला वायरीचा किट वगैरे धरून एकूण गेले २६,७५०. स्क्रीनचे तीन हजार परत आले. स्क्रीनच्या वाटेला गेलोच नसतो तर १७,१५० मध्ये हेच सगळं झालं असतं. आजच्या माहितीवर परत करायचं तर आधी दार, मग स्पीकर, मग दोन महिने ऐकून वाटलंच तर ॲम्प.

ऑगस्टमध्ये पाऊस झाल्यावर पॅड काढून बघितलं. रिंग कोरड्या, शीट घट्ट, एका क्लिपचा दात तुटलेला. त्या क्लिपमुळे डाव्या दारातून तानपुऱ्याच्या खर्जाला किंचित कुरकुर येते. फोमचा तुकडा घातलाय, तात्पुरता.

राहता राहिला रिव्हर्स कॅमेरा. त्याचं चित्र स्क्रीनवर दिसायचं, ते स्क्रीनबरोबर गेलं. गाडी आठवड्यातून तीन दिवस बायको चालवते, आणि आमच्या गल्लीत मागे घेताना ती आवाज बंद करून म्हणते, "पखवाज ऐकू येतोय हो छान. भिंत कुठंय ते कोण सांगणार?" आरशात बसणारा छोटा पडदा बाराशेला मिळतो. अण्णांना रविवारची वेळ मागितली आहे.