आठ महिने बॉक्सटूडीसोबत: पिक्सेल, मीटर आणि दोन घड्याळं

गेले आठ महिने मी एक द्विमितीय कोड्यांचा गेम बनवते आहे. खोकी ढकलायची, दोरीच्या पुलावरून गोळा न्यायचा, झुलत्या फळीने तो पलीकडे उडवायचा, अशा स्वरूपाचा. चित्र काढण्याचा भाग मी स्वतः ओपनजीएलमध्ये (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या प्रणालीत) लिहिला, आणि भौतिकीसाठी, म्हणजे वस्तूंची हालचाल आणि टकरी मोजायला, बॉक्सटूडी या तयार लायब्ररीची तिसरी आवृत्ती घेतली. सुरुवातीला जे जे बिघडायचं त्याचा दोष मी लायब्ररीला द्यायचे. शोध घेतल्यावर बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी सापडायचा: भौतिकी आणि चित्र जिथे जोडले जातात, त्या सांध्यात. त्यामुळे इथे मी जास्त त्या सांध्याबद्दलच लिहिणार आहे.

ज्यांना ही लायब्ररी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एरिन कॅटो यांनी २००६ सालच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या व्याख्यानासाठी एक छोटं प्रात्यक्षिक लिहिलं होतं, त्यातून ती वाढली. अँग्री बर्ड्समध्ये लाकडं कोसळतात ती हिच्याच जोरावर. २०२४ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती सी++ सोडून साध्या सी भाषेत नव्याने लिहिलेली आहे. ती मोफत आहे आणि एमआयटी परवान्याखाली मिळते. ती स्क्रीनवर काहीही काढत नाही. वस्तू कुठे आहे आणि किती फिरली आहे एवढंच सांगते, पुढचं सगळं आपण करायचं.

पहिली ठेच लागली मापांची. मी वस्तूंची मापं थेट पिक्सेलमध्ये दिली होती. बॉक्सटूडी मात्र मीटर, किलोग्रॅम आणि सेकंदात विचार करते, आणि हलणाऱ्या वस्तू साधारण ०.१ ते १० मीटरच्या असाव्यात अशी तिची अपेक्षा असते. माझा १०० पिक्सेलचा गोळा तिच्या लेखी १०० मीटरचा, म्हणजे एखाद्या उंच इमारतीएवढा होता. गुरुत्वाकर्षण १० धरलं तर ५०० मीटर खाली यायला १० सेकंद लागतात, ५ मीटरला फक्त १. म्हणूनच माझा गोळा फुग्यासारखा तरंगत खाली यायचा. यावर उपाय म्हणून मी गुरुत्वाकर्षण शंभरपट केलं. मग वेग इतके वाढले की खोकी एकमेकांत रुतायला लागली. शेवटी १ मीटर म्हणजे १०० पिक्सेल हे प्रमाण ठरवलं आणि ते फक्त कॅमेऱ्याच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जग पडद्यावर मांडणाऱ्या गणितात ठेवलं. भौतिकीच्या कोडमध्ये आता पिक्सेल हा शब्दच येत नाही. ही एक गोष्ट पहिल्या दिवशी केली असती तर माझे निदान तीन आठवडे वाचले असते.

दुसरी गोष्ट घड्याळाची, आणि मला सर्वात जास्त शिकवलं ते हिनेच. भौतिकीच्या जगाला एक पाऊल पुढे नेताना किती वेळ लोटला ते सांगावं लागतं. मी प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या एका चित्राला) लागलेला वेळ जसाच्या तसा देत होते. त्यामुळे फ्रेम कमीजास्त झाल्या की तीच उडी कधी पोचायची, कधी कमी पडायची. शिफारस आहे ठरावीक १/६० सेकंदाच्या पावलाची, आणि त्या पावलात चार उपपावलं, म्हणजे हिशेबाचे चार छोटे टप्पे. म्हणून फ्रेमचा वेळ साठवत गेले आणि १/६० सेकंद भरला की एक पाऊल टाकू लागले. तसं केल्यावर उड्या सारख्या झाल्या, पण १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या स्क्रीनवर हालचाल अडखळत दिसू लागली. हिशेब सोपा आहे. १४४ भागिले ६० म्हणजे २.४. त्यामुळे एक स्थिती कधी दोन फ्रेम दिसते, कधी तीन, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं.

म्हणून वस्तूची मागची आणि आताची अशा दोन्ही स्थिती जपून ठेवायच्या, आणि चित्र काढताना पावलं टाकून उरलेल्या साठ्यातल्या वेळाच्या प्रमाणात त्यांच्या मधली जागा काढायची. चित्र जेमतेम एका पावलाने, म्हणजे फार तर १६.७ मिलिसेकंद मागे राहतं, आणि खेळताना मला ते जाणवलेलं नाही. मात्र यात दोन खड्डे आहेत. कोन अंशांत घेऊन सरासरी काढली तर १७९ वरून उणे १७९ वर जाताना वस्तू उलट्या दिशेने जवळजवळ पूर्ण गिरकी घेते. तिसऱ्या आवृत्तीत फिरणं कोसाइन आणि साइनच्या जोडीत साठवलेलं असतं. मधली जागा त्या जोडीवरच काढली की हा प्रश्न उरत नाही. दुसरा खड्डा असा, की कोडं पुन्हा मांडताना खोकी मूळ जागी उचलून ठेवली, की ती स्क्रीनभर सरपटत गेलेली दिसतात, कारण मागची स्थिती जुनीच राहिलेली असते. उचलून ठेवताना दोन्ही स्थिती एकदम बदलायच्या. आणि एखादी फ्रेम फार लांबली, तर साठलेल्या वेळाला वरची मर्यादा घालायची. नाहीतर तो वेळ भरून काढायला पावलं वाढतात, त्या पावलांनी पुढची फ्रेम आणखी लांबते, आणि गेम गुदमरतो.

जमिनीचा किस्साही याच सांध्यातला. आधी मी जमीन चौकोनी फरश्या शेजारी शेजारी मांडून केली होती. सपाट जमिनीवरून सरकणारं खोकं मध्येच अडखळून उडायचं, कारण दोन फरश्यांच्या सांध्यावर त्याला नसलेली कड लागायची. त्यासाठी साखळी आकार आहे. सलग बिंदू दिले की तो आतल्या सांध्यांकडे दुर्लक्ष करतो. मी तो वापरला आणि सगळी खोकी जमिनीतून आरपार खाली गेली! साखळी एकाच बाजूने टक्कर घेते, आणि कोणती बाजू ते बिंदूंच्या क्रमावरून ठरतं. माझ्या चित्रांत वाय-अक्ष खाली जातो, भौतिकीत वर. फाइल वाचताना मी वाय उलटा केला आणि त्याबरोबर बिंदूंचा क्रमही उलटला. हे कळलं ते डिबग चित्रणामुळे, म्हणजे चुका शोधण्यासाठीच्या चित्रामुळे. आपण रेषा, वर्तुळं, बहुभुज काढणारी फंक्शनं द्यायची, लायब्ररी तिला स्वतःला दिसतं तसं जग त्यांच्यातून काढून दाखवते. आपलं सुंदर चित्र आणि तिच्या डोक्यातला खरा आकार एकावर एक दिसले की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. माझ्या मते हा भाग आधी लिहावा, नायकाचं चित्र नंतर.

पुलाने बराच त्रास दिला. गोळा चढला की फळ्यांमधले सांधे रबरासारखे ताणले जायचे. घनता सगळीकडे १ च होती, म्हणून वजनाकडे मी पाहिलंच नव्हतं. पण द्विमितीत वस्तुमान क्षेत्रफळावरून येतं. १ मीटर त्रिज्येचा गोळा ३.१४ किलो भरतो, तर अर्धा मीटर लांब आणि १२.५ सेंटिमीटर जाड फळी ०.०६२५ किलो. म्हणजे गोळा पन्नासपट जड! साधारण दहापटीपलीकडे जाऊ नये असं म्हणतात. उपपावलं चारवरून आठ केल्यावर ताण कमी झाला, पण खरा आराम पडला तो गोळ्याची घनता उतरवल्यावर.

बाकी टकरींबद्दल तक्रार नाही. वेगवान वस्तू स्थिर भिंतीतून आरपार जाऊ नये याची काळजी आपोआप घेतली जाते. माझा गोळा झुलत्या फळीतून जायचा, कारण फळी हलणारी होती. तिथे गोळ्याला ‘बुलेट’ अशी खूण करावी लागते. ही खूण सरसकट करू नये, तिचा भार पडतो.

वेगाबद्दल मी समाधानी आहे. थांबलेल्या वस्तू झोपी जातात आणि त्यांच्यावर जवळपास काहीच खर्च होत नाही. पाऊल संपल्यावर हलून गेलेल्या वस्तूंचीच यादी मिळते, त्यामुळे चित्रासाठी तेवढ्याच ताज्या करायच्या. टकरींच्या घटनाही अशाच यादीतून येतात, पाऊल चालू असताना मध्येच कॉलबॅक येत नाही (लायब्ररी आपलं फंक्शन मध्येच बोलावत नाही), म्हणून टक्कर झाली की वस्तू काढून टाकणं सुरक्षित झालं. गेम जेव्हा संथ झाला तेव्हा रेंडरडॉक या चित्रण तपासणाऱ्या साधनात एक फ्रेम पकडून पाहिली. भौतिकीचा काही दोष नव्हता, मीच प्रत्येक खोक्यासाठी वेगळा ड्रॉ कॉल, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला चित्र काढण्याचा वेगळा आदेश, पाठवत होते. एका पोताची (पृष्ठभागावर एकच चित्र असलेली) खोकी एकत्र केली आणि काम झालं.

पाणी हवं असेल तर ते यात नाही. आणि ज्यांना आधी काही पडद्यावर हलताना बघायचं आहे, त्यांनी तयार इंजिनातली भौतिकी घ्यावी. इथे पहिलं खोकं दिसेपर्यंत बराच कोड लिहावा लागतो.

गेल्या आठवड्यात मी पुनर्दर्शन, म्हणजे खेळलेला डाव पुन्हा बघण्याची सोय, जोडलं. त्यात चित्रफीत साठवत नाही, फक्त कोणत्या क्रमांकाच्या पावलाला कोणती कळ दाबली एवढंच साठवते. लायब्ररीचा तोच कोड वेगळ्या यंत्रावरही तेच उत्तर देईल असं तिच्या माहितीपत्रात म्हटलं आहे. त्यासाठी कोन काढण्यासारखी गणितंही लेखकाने स्वतः लिहिली आहेत. एक फेक नोंदवून दुसऱ्या प्रोसेसरच्या संगणकावर चालवली. ९०० पावलांनी गोळा खड्ड्याच्या काठावर येऊन थांबला आणि दोन्हीकडे त्याचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळले. मी ते तीनदा चालवून पाहिलं.