१७ इंची काढून १५ इंची हलके रिम : नऊ महिने आणि ११,००० किलोमीटरनंतर

गाडीला मुळात १७ इंची अलॉय (मिश्रधातूचे रिम) होते. नऊ महिन्यांपूर्वी ते उतरवून १५ इंची हलके रिम बसवले. लगेच लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण नवे टायर चढवले की पहिले पंधरा दिवस कुठलीही गाडी छानच वाटते.

सगळ्यात आधी वजन. जुने टायर रिमवरून उतरवले तेव्हा रिम आणि टायर वेगवेगळे तोलून घेतले. जुना रिम १०.६ किलो, टायर ८.९ किलो. नवा रिम ६.५ किलो, टायर ७.९ किलो. म्हणजे एका चाकामागे ५.१ किलो कमी झाले, चार चाकांचे मिळून वीस किलोंच्या थोडे वर. रिम घ्यायला जाल तेव्हा वजनकाटा सोबत ठेवा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. लहान रिम हलकाच असतो असं धरून चालू नका. जाड ओतकामाचा १५ इंची रिम चांगल्या बनावटीच्या १६ इंचीपेक्षा जड भरू शकतो.

मापाबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकतो : चाक लहान केलं की गाडी आपोआप चपळ होते. रिम लहान झाला तरी टायरसकट चाकाची एकूण उंची तीच राहिली, तर गिअरिंगमध्ये, म्हणजे इंजिनच्या एका फेरीमागे गाडी किती पुढे जाते त्यात, काहीच बदलत नाही. माझा आधीचा टायर २०५/४५ आर १७ (रुंदी २०५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १७ इंची), त्याचा बाहेरचा व्यास ६१६ मिमी. आताचा १९५/६० आर १५, व्यास ६१५ मिमी. त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीसारखाच चालतो. १९५/५० आर १५ घेतला असता तर व्यास ५७६ मिमीवर आला असता, म्हणजे साडेसहा टक्के कमी. तेव्हा ओढ नक्की वाढली असती, पण त्याच वेगाला इंजिन जास्त फिरलं असतं, काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त वेग दाखवत राहिला असता आणि गाडी २० मिमी खाली बसली असती. रोजच्या गाडीला मला ते नको होतं.

मग वेगात फरक पडला का? पडला, पण थोडा. चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ते खरं नाही. चाक पुढेही जातं आणि स्वतःभोवतीही फिरतं, म्हणून त्याला गती द्यायला जास्त जोर लागतो, हे बरोबर. पण वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेला असलं तरी ते फार तर दुप्पट मोजलं जातं. रिमचं वजन आसाच्या जवळ असल्यामुळे त्याहून कमी. माझ्या हिशेबाने वीस किलोंची ही बचत गाडीतून तीसेक किलो सामान उतरवल्याइतकी भरते. जुन्या चाकांवर तिसऱ्या गिअरमध्ये ३० ते ८० जायला सरासरी ८.९ सेकंद लागायचे, नव्या चाकांवर ८.७. रस्ता तोच, दोन्ही दिशांना चार-चार वेळा, टाकी अर्धी. एवढा फरक घड्याळ दाखवतं, पाठीला कळत नाही. हां, थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी मोकळी उचलते, असं मला अजूनही जाणवतं. ते मी मोजलेलं नाही.

खरी कमाई वेगळीच आहे. चाक, टायर, ब्रेक हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं. खड्डा किंवा उंचवटा आला की आधी हे वजन वर-खाली होतं आणि त्याला आवरायचं काम शॉकअब्झॉर्बरचं. वजन जितकं कमी तितकं चाक लवकर शांत होतं आणि रस्त्याला चिकटून राहतं. माझ्या रोजच्या वाटेवर एक लांब उजवं वळण आहे, त्याच्या मधोमध रस्ता लाटा आल्यासारखा झालाय. तिथे पूर्वी मागची बाजू दोन-तीनदा टणटण उडायची आणि गाडी अंगुळभर बाहेर सरकायची. स्टिअरिंग घट्ट धरावं लागायचं. आता तिथेच चाक एकदा दबतं, वर येतं आणि संपलं. नऊ महिन्यांत हे वळण इतक्या वेळा घेतलंय, तरी दर वेळी बरं वाटतं.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की मी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. साइडवॉलची, म्हणजे टायरच्या रबरी बाजूची, उंची ९२ मिमीवरून ११७ मिमी झाली आहे. धारदार कडेच्या खड्ड्यात जो दणका कमी झाला, त्याचं श्रेय त्या वाढलेल्या रबराला. पण लाटांवरचं उडणं थांबलं ते मला मुख्यतः हलक्या चाकामुळे वाटतं, कारण नुसती उंच साइडवॉल उडणं कमी करत नाही.

गमावलं काय? स्टिअरिंग वळवलं की नाक वळायच्या आधी एक अगदी छोटा थांबा येतो. उंच साइडवॉल आधी वाकते, मग गाडी वळते. पहिला महिनाभर हे खटकत होतं. हवा ३२ पीएसआयवरून ३४ केल्यावर बरंच सुधारलं. कोरड्या रस्त्यावर जोरात वळताना पकड किंचित कमी आहे, पावसात मात्र अरुंद टायर पाणी चांगलं कापतो आणि मला तिथे जास्त विश्वास वाटतो. दिसायला चाकाची कमान रिकामी-रिकामी वाटते, हेही खरं. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ १९८९ साली १४ इंची चाकांवर आली होती आणि ती आजही चालवायला गोड गाडी मानली जाते. त्यामुळे दिसण्याची तक्रार मी फार मनावर घेतली नाही.

एक चूक अंगाशी आली. बसवून घेतल्यावर ९० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं, उपयोग नाही. शेवटी चाक उतरवून पाहिलं तर हबचा (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा) व्यास ५४.१ मिमी आणि रिमचं मधलं भोक ६७.१ मिमी. मधली पोकळी भरणारी रिंग टाकायचीच राहिली होती. बसवणाऱ्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रिंगा आल्या त्या दिवशी थरथर गेली. तेव्हा पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) जुळला म्हणजे सगळं जुळलं असं समजू नका. ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते) पाहा, नटांची बैठक शंकूची आहे की गोल ते पाहा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासा.

त्याहून आधी ब्रेक. कॅलिपर (ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग) मोठा असलेल्या गाडीत १५ इंची रिम बसतच नाही. मी पुठ्ठ्याचा साचा कापून कॅलिपरवर धरला, तोच रिमच्या आत फिरवून पाहिला आणि मगच पैसे दिले. टायरचा भारांकही (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) उतरता कामा नये. माझ्या दोन्ही मापांचा ८८ आहे, म्हणजे टायरमागे ५६० किलो.

इंधनाचं थोडक्यात. टाकी ते टाकी मोजून लिटरला साधारण अर्धा किलोमीटर वाढला, पण टायरची बनावटही बदललीये, त्यामुळे तो सगळा फायदा मी वजनाच्या खात्यावर टाकत नाही. १५ इंची टायर जुन्या १७ इंचीपेक्षा स्वस्त पडतो, ही बचत मात्र पक्की.

रिम अजून सरळ आहेत. मागच्या आठवड्यात चारही काढून बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून पाहिले, कुठे वाकलेले नाहीत. टायरची नक्षी ८ मिमीवरून ६ मिमीच्या आसपास आली आहे. हे झिजले की पुढचे घेताना दुकानातच दोन-तीन बनावटींचे टायर तोलून बघणार आहे, कारण वजन सगळ्यात जास्त जाणवतं ते चाकाच्या बाहेरच्या कडेला.