नदीकाठचं काळं वावर आणि जड धातू: शेणखत-झिंक, बायोचार की पीकच बदलायचं?

नागपुरात भांडेवाडीच्या पुढे, शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या नाग नदीच्या पाण्यावर पालक, सांबार (कोथिंबीर) पिकवणाऱ्याला, जड धातू भाजीत उतरू नयेत म्हणून "चुना टाका" हा सल्ला हमखास मिळतो. आम्ल जमिनीत तो बरोबरच आहे. सामू (पीएच) वाढला की कॅडमियम, शिसं मातीला चिकटून बसतात आणि मुळांच्या हाती कमी लागतात. पण नागपूरकडच्या काळ्या मातीचा सामू बहुधा आधीच साडेसात-आठच्या पुढे असतो, चुनखडीचे खडे नांगराच्या तासातच दिसतात. इथे चुन्याने हाती काही लागत नाही, उलट लोह आणि जस्त अडकून पानं पिवळी पडतात. म्हणून चुना बाद.

कमी खर्चाची वाट म्हणजे शेणखत आणि झिंक सल्फेट. कॅडमियम आणि जस्त (झिंक) मुळांमध्ये बऱ्याच अंशी एकाच दाराने शिरतात. वावरात जस्ताची टंचाई असली, आणि विदर्भात ती नवी नाही, तर कॅडमियमला रान मोकळं मिळतं. एकरी 10 किलो झिंक सल्फेट आणि चार-पाच टन चांगलं कुजलेलं शेणखत एवढ्यावर सुरुवात करता येते. झिंक शेणखतात कालवून द्या. डीएपीसोबत एकाच घमेल्यात मिसळलंत तर स्फुरद आणि जस्त एकमेकांना धरून बसतात, पैसे गेले म्हणून समजा. शेणखताचा आणखी एक गुण म्हणजे विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं त्रिसंयुजी, कमी घातक रूप होण्यास त्यातल्या सेंद्रिय पदार्थाची मदत होते. उणीव अशी की खत कुजत जातं तशी त्याची पकड सैल होते, त्यामुळे ते दरवर्षी द्यावं लागतं. आणि स्वस्त मिळतं म्हणून शहरी कचऱ्याचं कंपोस्ट उचलू नका. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम 5 आणि शिसं 100 मिलिग्रॅमच्या आत हवं. तपासणीचा कागद नसेल तर ते नकोच.

बायोचार, म्हणजे पऱ्हाट्या-तुराट्यांचा कमी हवेत केलेला कोळसा, जास्त टिकाऊ. त्याची पकड वर्षानुवर्षं राहते. अडचण मालाची आहे. एकरभर पऱ्हाटी साधारण टनभर निघते आणि तिचा कोळसा होतो जेमतेम पाव टन. एकरी दोन टन टाकायचे म्हटले तर सात-आठ एकरांची पऱ्हाटी लागेल. गावात ती लोक अशीच पेटवून देत असतील तर खड्डा खणून करून बघावं. विकत घेऊन मात्र हा सौदा मला परवडणारा वाटत नाही.

मोहरी-सूर्यफुलाने धातू शोषून जमीन साफ करण्याची गोष्ट ऐकायला छान आहे. भारी काळ्या मातीत त्याला वर्षं लागतात, आणि ती धातू भरलेली धांडं टाकायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

कोराडी-खापरखेड्याकडे औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचं वावर असेल तर हिशोब बदलतो. राखेत आर्सेनिक असू शकतं, आणि शिशाला बांधणारं स्फुरद आर्सेनिकला मातीतून सोडवतं. तिथे स्फुरदाचा जादा मारा करू नका. पानावर बसलेली राख धुऊन जाते, मुळातून आत गेलेला धातू नाही.

निवड करण्याआधी तपासणी. मृदा आरोग्य पत्रिकेत शिसं-कॅडमियम येतच नाही, ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. माती, पाणी आणि विकायला काढलेली भाजी, तिन्ही द्या. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची) मर्यादा पालेभाजीत किलोमागे कॅडमियम 0.2 आणि शिसं 0.3 मिलिग्रॅम आहे. आकडा त्याच्या खाली पण जवळपास असेल तर शेणखत-झिंक, आणि पालकाऐवजी भेंडी, दोडके. फळात धातू पानापेक्षा सहसा कमी उतरतात. आकडा वर गेला तर माझ्या मते खाण्याचं पीक थांबवावं. झेंडू लावा, दसरा-दिवाळीला नागपुरात उठाव असतो. कापूसही चालेल, फक्त सरकीची ढेप गुरांपुढे जाते हे ध्यानात ठेवा.

नाल्याचं पाणी चालूच राहणार असेल तर वरचा सगळा खर्च वाहत्या पाण्यात. आधी विहीर किंवा बोअरची सोय बघा, आणि तेही पाणी तपासून घ्या. वावर वर्षाच्या ठेक्याचं असेल तर बायोचारच्या भानगडीत पडूच नका. फायदा पुढचा ठेकेदार घेईल.