गेट ते पार्किंग: ८० मिमीचा प्रेस ब्लॉक, रबर मोल्डचा चकचकीत ब्लॉक आणि ग्रास पेव्हर

ठाणे-नवी मुंबईतल्या पेव्हरच्या, म्हणजे जमिनीवर बसवायच्या काँक्रीट ब्लॉकच्या यार्डात चकचकीत लाल-पिवळे ब्लॉक दर्शनी भागात मांडलेले असतात आणि मागे राखाडी, खरखरीत ब्लॉकची थप्पी धूळ खात असते. सोसायटीच्या कमिटीची नजर पुढच्या रांगेवर जाते. गाड्या फिरणार असतील तर कामाचा माल मागच्या थप्पीत आहे.

पुढचे ब्लॉक रबर मोल्डचे. पातळ काँक्रीट साच्यात ओतून, टेबलावर हलवून दुसऱ्या दिवशी काढलेले. पृष्ठभाग काचेसारखा येतो, वर लॅकर मारला की फोटोत सुंदर दिसतो. पण ओतता यावं म्हणून पाणी जास्त घातलेलं असतं, त्यामुळे ताकद मिक्सरच्या प्रत्येक खेपेला बदलते. जूनमध्ये त्यावर शेवाळ धरलं की उतारावर दुचाकी घसरलीच म्हणून समजा. बंगल्याचा सिटआउट, झोपाळ्याखालची जागा, तुळशीवृंदावनाभोवतीचा चौथरा इथे तो शोभतो. गेटच्या रॅम्पवर नको.

प्रेस ब्लॉक कोरडसर मालाचा, मशीनमध्ये दाब आणि कंपन देऊन केलेला. रूप बेताचं, पकड चांगली. पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाच्या, आयएस १५६५८ च्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी जाडी आणि एम-३५ (काँक्रीटच्या ताकदीची प्रत), मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी आणि एम-४० सांगितलं होतं. नुसत्या कार येणार असतील तर ६० मिमी पुरतो. पण घोडबंदर पट्ट्यातल्या सोसायट्यांत टँकर येतो, हे कोटेशन मागवताना सगळेच विसरतात. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन. तिथे ८० मिमीच हवा.

माल उतरवून घेताना एक ब्लॉक फोडून बघा. रंगीत थर ५ ते १० मिमी आणि खालच्या काँक्रीटशी एकजीव असावा. तो पापुद्र्यासारखा सुटत असेल तर गाडी परत पाठवा. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आवाज म्हणजे ओला किंवा कच्चा माल. पाणी किती पितो तेही घरच्या घरी ढोबळमानाने कळतं. पूर्ण वाळलेला ब्लॉक वजन करून २४ तास बुडवा, पुसून पुन्हा तोला. २०० × १०० × ८० मिमीचा ब्लॉक साधारण ३.७ किलोचा, त्याचं वजन २२० ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर तो मानकातल्या ६ टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला. पॅलेटवर तारीख विचारा. चार दिवसांपूर्वीचा ब्लॉक हातात दगडासारखा लागला तरी त्याचं क्युअरिंग (ओलं ठेवून पक्कं होणं) झालेलं नसतं.

आकारात फार अडकू नका. झिगझॅग आणि आय आकार एकमेकांत अडकतात. साधा विटेसारखा घेतलात तर वाहनांच्या जागी तो हेरिंगबोनमध्येच, म्हणजे एकमेकांना काटकोनात अडकवून नागमोडी, लावून घ्या. सरळ ओळींत लावला तर ब्रेक मारण्याच्या जागी ओळीच्या ओळी सरकतात. हेरिंगबोनला कडेचं कटिंग वाढतं, म्हणून ५ टक्के माल जास्त धरा.

एवढं करूनही ब्लॉक खचले तर दहापैकी आठ वेळा दोष ब्लॉकचा नसतो, खालच्या थराचा असतो. आणि कोटेशनमध्ये हात आखडता घेतला जातो तोही तिथेच. नवी मुंबईत खाडीकाठच्या भरावाची जागा असेल तर आधी मऊ माती काढून जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं, माती अडवणारं कापड) अंथरा. नाहीतर खडी हळूहळू चिखलात उतरते आणि पावसाळ्यामागून पावसाळा जमीन बसत राहते. त्यावर खडी-ग्रिटचा किमान १५० मिमीचा थर, टँकरच्या वाटेवर २०० मिमी, तोही दोन थरांत पाणी मारून रोलरने दाबलेला. १,००० चौरस फुटांना १५० मिमी म्हणजे दाबून जवळपास ५ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट). सुटा माल साडेसहा ब्रासच्या आसपास लागतो. कोणी ४ ब्रासमध्ये बसवतो म्हणाला तर थर किती पातळ होणार, ते तुम्हीच मोजा.

उतार इथेच, खडीच्या थरात काढायचा: १ ला ५० म्हणजे १० फुटांना अडीच इंचांच्या आत-बाहेर. वाळूची जाडी कमी-जास्त करून उतार काढणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी चलाखी. जिथे वाळू जाड, तिथे सहा महिन्यांत चाकांची खोबण उमटते.

वाळूचा थर ३० मिमी, सगळीकडे सारखा. १,००० चौरस फुटांना सुमारे १ ब्रास, सांध्यांसकट सव्वा. धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घ्या. क्रशरची डस्ट स्वस्त मिळते, पण तिच्यातली पीठासारखी भुकटी पाणी धरून ठेवते आणि चाकाच्या दाबाने सांध्यांतून राखाडी चिखल वर येतो. खाडीच्या रेतीतलं मीठ पुढे पांढरं फुटतं. दोन पाइप टाकून ॲल्युमिनियमच्या पट्टीने वाळू ओढायची आणि त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. आधी दाबायचीही नाही.

कडेचा कर्ब (काठाचा उभा काँक्रीट ब्लॉक) आधी बसवा, पाठीमागे काँक्रीटचा टेका देऊन. कर्ब नसेल तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात आणि वाळू वाहून जाते. सांधा २ ते ४ मिमी. तुकडे कटरने कापा, हातोडीने नाही, आणि ब्लॉकच्या एक तृतीयांशपेक्षा लहान तुकडा कडेला लावू नका. मग रबर पॅड लावलेला प्लेट कॉम्पॅक्टर दोनदा फिरवा, बारीक कोरडी वाळू झाडूने सांध्यांत भरा, परत कॉम्पॅक्टर, परत वाळू. वाळू ओली असली की सांध्याच्या तोंडाशीच अडकते. म्हणून हे काम दिवाळी ते मे यांदरम्यानच द्या.

सांध्यांत सिमेंटचा घोळ ओतून देणारे भेटतात, 'एकदम पक्कं होईल' म्हणतात. करू देऊ नका. फरशी ताठर होऊन तडकते आणि पेव्हरचा खरा फायदा जातो. गॅस किंवा पाण्याच्या लाइनसाठी खणावं लागलं तर ब्लॉक उचलून तेच परत लावता आले पाहिजेत. अशा खणलेल्या पट्ट्या आणि चेंबरच्या कडा खचतात, कारण माती ढकलून वर ब्लॉक ठेवलेले असतात. भराव थराथराने धुमसून घ्या.

पोडियमवर, म्हणजे खाली पार्किंग असलेल्या स्लॅबवर, हिशेब वेगळा. ८० मिमी ब्लॉक आणि वाळू मिळून चौरस मीटरला सुमारे २४० किलो, म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारा. वॉटरप्रूफिंगच्या वर पाणी वाहून जायला जागा ठेवा आणि आउटलेटला स्लॅबच्या पातळीवर भोकं द्या, तोंडाशी जिओटेक्स्टाइल लावून. नाहीतर वाळू महिनोन्‌महिने ओली राहते आणि खाली पार्किंगच्या छताला ओल येते.

ग्रास पेव्हरबद्दल (भोकांत गवत लावायचे जाळीदार ब्लॉक) थोडक्यात: पाहुण्यांच्या पार्किंगला आणि झाडांभोवती छान, पाणी जमिनीत मुरतं. जिथे तीच गाडी दिवसभर उभी असते तिथे गवत टिकत नाही. तिथे भोकांत खडी भरा.

देखभाल कमी लागते, पण लागते. मेमध्ये रिकामे सांधे भरा. मुंग्यांनी उकरलेली वाळूही तेव्हाच दिसते. शेवाळ ताठ ब्रशने काढा. प्रेशर वॉशर तिरका धरा, सरळ सांध्यात मारला की वाळू उडून जाते. ऑइल सांडलं तर लगेच लाकडाचा भुसा, मग साबणपाणी. नव्या ब्लॉकवरचा पांढुरका थर बहुतेक चुन्याचा असतो, वापराने आणि पावसाने उतरतो. त्यावर ॲसिड ओतणाऱ्याला थांबवा. थरासोबत रंगाचा पृष्ठभागही जातो.

आणि ऑर्डर देतानाच प्रत्येक रंगाचे शंभरेक ब्लॉक जास्तीचे घ्या, पण ते पंपरूममध्ये न ठेवता गच्चीवर किंवा कंपाउंडच्या कडेला उन्हापावसात ठेवा. दुसऱ्या लॉटचा लाल कधीच जुळत नाही, आणि सावलीत राहिलेले ब्लॉक चार वर्षांनी लावले की ठिगळासारखे उठून दिसतात.